रेशीम अळीच्या रक्तातलं प्रोटीन: तिसऱ्या अवस्थेपासून कोषापर्यंतच्या कामाच्या नोंदी (नाशिक)

१६ नोव्हेंबर २०२४

काम काय आहे ते आधी. एमएस्सी झूलॉजीच्या प्रोजेक्टसाठी तुतीच्या रेशीम किड्याच्या अळीचं रक्त, म्हणजे हिमोलिम्फ, तिसऱ्या अवस्थेपासून (दोन वेळा कात टाकण्याच्या मधला काळ म्हणजे एक अवस्था, पाचवी शेवटची) कोष विणेपर्यंत ठरावीक वेळेला काढायचं, त्यातलं एकूण प्रोटीन मोजायचं आणि जेलवर चालवून (यात प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी होतात, प्रत्येक सँपलची एक रांग म्हणजे लेन आणि तिच्यातली प्रत्येक पट्टी म्हणजे बँड) कुठला बँड कधी येतो, कधी जाड होतो, कधी गायब होतो ते बघायचं. पेपरमध्ये "हिमोलिम्फ गोळा केले" अशी एक ओळ असते आणि पुढे थेट ग्राफ. त्या एका ओळीतच खरं काम आहे, म्हणून जसं होईल तसं लिहून ठेवतेय, पुढच्या बॅचच्या कुणाला उपयोगी पडेल.

आधी टोमॅटोवरची घाटेअळी घ्यायचा विचार होता, आपल्याकडे पिंपळगाव, दिंडोरी पट्ट्यात हवी तेवढी मिळते. पण त्या अळ्या एकमेकींना खातात, प्रत्येकीला वेगळी डबी लागते आणि एका अळीतून रक्तही थेंबभरच निघतं. रेशीम अळी शांत असते, ट्रेमध्ये शेकड्यांनी राहते, पाचव्या अवस्थेत एकीतून २०० ते ३०० मायक्रोलिटर रक्त सहज मिळतं. मॅडम लगेच हो म्हणाल्या.

१८ नोव्हेंबर

दिंडोरी तालुक्यातल्या एका काकांकडून अळ्या आणल्या, दुसरा मोल्ट, म्हणजे कात टाकणं, पास झालेल्या, म्हणजे तिसऱ्या अवस्थेच्या अगदी सुरुवातीच्या. डबल हायब्रीड, पांढऱ्या कोषाच्या. काकांनी पैसे घेतले नाहीत, "पोरी, दोन मूठ अळ्यांचं काय घ्यायचं" म्हणाले, पण पाल्याचे मात्र द्यायचे ठरलेत. घरातली मागची खोली रिकामी केली, ब्लीचिंग पावडरने धुतली, प्लास्टिकचे ट्रे, खाली पॅराफिन पेपर, कडेने ओल्या स्पंजच्या पट्ट्या. खर्च आत्तापर्यंत ट्रे, पेपर, थर्मो-हायग्रोमीटर धरून हजारच्या आत.

२१ नोव्हेंबर

पहिल्यांदा रक्त काढलं, सगळं वाया गेलं.

तिसऱ्या अवस्थेची अळी बारीक असते, एकीतून दोन-चार मायक्रोलिटर मिळालं तरी खूप, त्यामुळे वीस-पंचवीस अळ्यांचं एकत्र करायचं होतं. इन्सुलिनच्या सुईने पाठीवर टोचलं तर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे सुई आतड्यात गेली आणि रक्ताऐवजी हिरवट पाणी आलं. रेशीम अळीच्या आतड्यातला रस खूप अल्कलाइन, पीएच १० च्या आसपास असतो आणि त्यात प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स ठासून भरलेली असतात, त्याचा एक थेंब जरी सँपलमध्ये गेला तरी ते सँपल बाद धरायचं. दुसरं म्हणजे ज्या ट्यूबमध्ये स्वच्छ रक्त आलं होतं ती शेवटच्या अळीपर्यंत राखाडी झाली आणि टेबल आवरेपर्यंत काळी. कीटकाच्या रक्तात जखम भरायची सोय म्हणून फिनॉलऑक्सिडेज असतं, हवा लागली की ते कामाला लागतं आणि मेलॅनिन तयार होतं. नुसता बर्फ त्याला थांबवू शकत नाही, फक्त थोडा उशीर करतो.

काळं झालेलं सँपल वापरू नका, अगदी जीवावर आलं तरी. रंगामुळे रीडिंग चुकतं हा एक भाग, पण त्या प्रक्रियेत प्रोटीन एकमेकांना जोडली जातात आणि जेलमध्ये वरच अडकून बसतात, बँडच्या जागी नुसता काळपट ओघळ दिसतो.

२४ नोव्हेंबर

रक्त काढायची पद्धत बदलली, आता जमतंय.

रक्त काळं पडू नये म्हणून ट्यूबमध्ये आधीच फिनाइलथायोयुरियाचे दोन-तीन खडे टाकून ट्यूब बर्फात ठेवायची. हे रसायन पाण्यात फार कमी विरघळतं, सोल्युशन करायच्या नादात अर्धा दिवस गेला, शेवटी खडे तसेच टाकले तरी काम होतं. विषारी आहे, ग्लोव्हज घालूनच हात लावायचा. अळी थंड पाण्यात धुऊन टिश्यूने पूर्ण कोरडी करायची, मग दहा मिनिटं बर्फावरच्या पेट्री डिशमध्ये ठेवायची म्हणजे ती वळवळत नाही. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत तिला पाठीकडून धरून जराशी कमान करायची, पोटाचे जाड मांसल पाय बाहेर येतात, त्यातला एक बारीक कात्रीने टोकाशी कापायचा. कापल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही, मग पारदर्शक थेंब फुगत येतो आणि स्वतःच्या वजनाने ट्यूबमध्ये पडतो. तीन-चार थेंब असे आपोआप पडू द्यायचे. दाबायचं नाही. दाबलं की चरबीपिंडाचे (अळीच्या शरीरातला चरबी साठवणारा अवयव) पांढरे कण रक्तात उतरतात, आणि रक्तातली बहुतेक प्रोटीन मुळात त्या चरबीपिंडातच तयार होत असल्याने ते कण आले की मोजणीला अर्थ राहत नाही.

मग ४ डिग्रीला १०,००० आरपीएमवर दहा मिनिटं सेंट्रीफ्यूज, पेशी खाली बसतात, वरचं पाणी छोट्या-छोट्या ट्यूबमध्ये वाटून फ्रीझरला. पेशी आधी काढायच्याच, नाहीतर फ्रीझरमध्ये त्या फुटतात आणि त्यांचं प्रोटीन रक्ताच्या नावावर लागतं.

आमच्या अळ्यांचं रक्त जवळपास बिनरंगी आहे, फिकट. पिवळ्या कोषाच्या जातीत रक्तही पिवळं असतं, पाल्यातली कॅरोटिनॉइड्स रक्तात येतात म्हणून. तशी जात घेतलीत तर रंगाची मापं घेताना वेगळा ब्लँक, म्हणजे शून्य धरायचं सँपल, ठेवावा लागेल.

२७ नोव्हेंबर

ट्रेमधल्या बहुतेक अळ्या मेल्या. चौथ्या अवस्थेच्या ऐन मध्यात.

काकांकडचा पाला संपत आला होता म्हणून मखमलाबादच्या बाजूला बांधावर तुतीची झाडं दिसली तिथून आणला. बांधाच्या पलीकडे द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतरचे हे दिवस म्हणजे डाउनी, उडद्या, थ्रिप्स सगळ्याची फवारणी एकामागून एक चालू असते, आणि फवारा वाऱ्याने बांध ओलांडतोच. रात्री पाला टाकला, सकाळी अळ्या तोंडातून हिरवं पाणी ओकत होत्या, अंग पिळवटत होत्या, डोकं हलवत होत्या, काही आखडून बोटाएवढ्याच्या निम्म्या झाल्या होत्या. काकांना फोन केला, त्यांनी लक्षणं ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, "पाला कुठला गं?"

नाशिकमध्ये हे काम करणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा. द्राक्षाच्या शेजारचा पाला धुऊनही चालत नाही, कारण काही औषधं आंतरप्रवाही असतात, पानाच्या आतच असतात. पाला ज्याने स्वतः वाढवलाय आणि ज्याच्या स्वतःच्या अळ्या तोच पाला खातायत, त्याच्याकडूनच घ्यायचा. लांब पडलं, पेट्रोल गेलं तरी.

वाचलेल्या अळ्या डेटासाठी बाद. पण टाकून न देता वेगळ्या ट्रेमध्ये वाढवतेय, हात बसवायला कामी येतील.

५ डिसेंबर

मधल्या काळात ब्रॅडफर्ड, म्हणजे रंगावरून प्रोटीन मोजणं, बसवून घेतलं. १९७६ ची पद्धत, आजही सगळ्यात सोपी आणि आमच्यासारख्या लॅबला परवडणारी. स्टँडर्डला बीएसए (तुलनेसाठीचं ठरलेलं प्रोटीन), ५९५ नॅनोमीटरला रीडिंग.

जे अडलं ते एवढंच लिहिते. वेळ वाचवायला काही सँपल आधीच जेलच्या लोडिंग बफरमध्ये करून ठेवली होती आणि त्यातूनच मोजायला गेले, तर ब्लँकसुद्धा निळा. लोडिंग बफरमध्ये एसडीएस (साबणासारखं रसायन) असतं आणि ब्रॅडफर्डची डाय त्याच्यावरही बदलते. म्हणून मोजायचा भाग आधी साध्या बफरमध्ये वेगळा काढायचा. दुसरं, पाचव्या अवस्थेचं रक्त इतकं दाट असतं की वीसपट पातळ करूनही ग्राफच्या वर गेलं, शंभरपट करावं लागलं. ग्राफच्या सरळ भागात रीडिंग आलं नाही तर आकडा धरायचा नाही, पुन्हा पातळ करायचं. तिसरं, काचेच्या क्युव्हेटला निळा रंग चिकटून बसतो आणि शेवटची रीडिंग वर-वर सरकत जातात, प्रत्येक पाचेक रीडिंगनंतर मिथेनॉलने धुवायचं.

आणि बीएसए या डायशी जरा जास्तच रंग देतो, त्यामुळे आपला आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणून मी आकडे एकमेकांशी ताडून बघायलाच वापरणार आहे.

१२ डिसेंबर

जेल. लेम्लीची १९७० ची पद्धत, १० टक्के जेल, वर ४ टक्के स्टॅकिंग.

पहिला त्रास थंडीचा. सकाळी लॅबमध्ये गेले तर १० टक्के एसडीएसच्या बाटलीत पांढरे खडे बसलेले. घाबरायचं कारण नाही, कोमट पाण्यात बाटली ठेवली की विरघळतं, पण न बघता वरचं पाणी पिपेटने घेतलंत तर बफरमध्ये एसडीएस कमी पडणार. थंडीत जेलही बसत नाही, तासभर वाट बघितली तरी पातळच. शेवटी ताजं अमोनियम परसल्फेट केलं आणि काचा टेबल लॅम्पच्या उबेत ठेवल्या, मग बसलं. जुनं परसल्फेट फ्रीजमध्ये आठवडाभर असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

दुसरा त्रास समजायला दोन दिवस लागले. लोडिंग बफर घातला की सँपल दुधासारखं व्हायचं आणि खाली पांढरा साका. मला वाटलं प्रोटीनच बसतंय. लॅबमधले मामा, जे तीसेक वर्षं इथे आहेत, त्यांनी बाटली उचलून लेबल वाचलं आणि म्हणाले, "ताई, यात पोटॅशियम आहे ना?" रक्त पातळ करायला मी पोटॅशियम फॉस्फेट बफर घेतला होता. पोटॅशियम आणि एसडीएस एकत्र आले की न विरघळणारं मीठ तयार होतं. बफर सोडियम फॉस्फेटचा केला, साका गेला.

अॅक्रिलामाइड पावडर वजन करताना मास्क आणि ग्लोव्हज, यात हयगय नको, नसांवर परिणाम करणारं विष आहे ते.

२० डिसेंबर

सरावाच्या जेलने अख्खा प्लॅन बदलला.

त्या वाचलेल्या अळ्या पाचव्या अवस्थेच्या शेवटाला आल्या होत्या, चांगल्या धष्टपुष्ट दिसणाऱ्या सहा निवडल्या, प्रत्येकीचं रक्त वेगळं ठेवलं, शेजारी-शेजारी चालवलं. सगळ्यांमध्ये ३० किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास गच्च बँड, बरोबर. वरच्या बाजूला ७० ते ८० च्या पट्ट्यात मात्र काही लेनमध्ये भरगच्च जाडी आणि काहींमध्ये तिच्या निम्मीही नाही. एकाच ट्रेच्या, एकाच दिवसाच्या अळ्या. मी लोडिंगमध्ये गडबड झाली असं धरून पुन्हा चालवलं, तसंच आलं.

मॅडमनी जेल लाइट बॉक्सवर धरला आणि विचारलं, "यातले नर कुठले, माद्या कुठल्या?"

त्या पट्ट्यात साठवणीची प्रोटीन असतात, रेशीम किड्यात मुख्य दोन, एसपी-१ आणि एसपी-२. एसपी-२ दोघांत असतं. एसपी-१ आधीच्या अवस्थांत दोघांत थोडंफार दिसतं पण पाचव्या अवस्थेत नर ते बनवणं थांबवतो आणि मादी मात्र भरमसाट बनवते. पूर्ण वाढलेलं पाखरू काही खात नाही, त्याचं पुढचं सगळं शरीर आणि मादीच्या पोटातली अंडी अळीने साठवलेल्यातूनच होतात. मी ठरवलं होतं तसं दहा अळ्यांचं रक्त एकत्र केलं असतं तर दर दिवशी नर-माद्यांचं प्रमाण जसं येईल तसा बँड नाचला असता, आणि मी त्याला "विकासातला बदल" म्हणून लिहिलं असतं.

म्हणून पुढच्या बॅचमध्ये पाचवी अवस्था सुरू झाली की नर-मादी वेगळे, आणि प्रत्येक सँपलवर वय तासांत.

७ जानेवारी २०२५

नवीन बॅच, त्याच काकांकडून, पालाही त्यांचाच. दर दोन दिवसांनी दिंडोरी, फांद्यांसकट पाला ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायचा.

खोलीत रात्री पारा १३-१४ पर्यंत उतरतोय, निफाडला तर याहूनही खाली. अळीला २५ च्या आसपास हवं. रूम हीटर लावला तर हवा इतकी कोरडी झाली की दोन तासांत पानं कुरकुरीत, अळ्या पानाला तोंड लावून सोडून देत होत्या. हीटरसमोर ओली गोणपाटं टांगली, ट्रेवर पॅराफिन पेपर झाकला, आता दमटपणा ७५-८० राहतोय. थर्मोस्टॅटचा सॉकेट ऑनलाइन मागवला, हजारभर रुपये, पण तो नसता तर रात्रभर जागावं लागलं असतं. लाइटबिलाचं बाबा अजून काही बोलले नाहीत.

१६ आणि १७ जानेवारी

चौथा मोल्ट. या दोन दिवसांवर पुढचं सगळं अवलंबून आहे म्हणून सविस्तर लिहिते.

मोल्टवर बसलेली अळी खात नाही, पुढचा भाग उचलून एकाच जागी थांबते, कातडी ताणल्यासारखी चकचकीत दिसते आणि डोक्याच्या मागे, जुन्या कातडीतून, गडद त्रिकोणी डाग दिसायला लागतो. तो म्हणजे आत तयार झालेलं नवीन डोकं. कात सुटली की जुन्या डोक्याचं तपकिरी टरफल तोंडावर अडकून राहतं, अळी ते पानावर घासून पाडते. नवीन डोकं सुरुवातीला फिकट आणि अंगाच्या मानाने भलतं मोठं, अंगाची कातडी सैल, सुरकुतलेली. काही तासांत डोकं तपकिरी होतं.

शेतकरी काय करतात, जवळपास सगळ्या अळ्या मोल्ट पास होईपर्यंत थांबतात आणि मग एकदम पाला टाकतात, पिकासाठी ते बरोबरच आहे. आपल्या कामाला ते चालत नाही, कारण पहिली आणि शेवटची अळी यांच्यात दिवसभराचं अंतर पडतं आणि पाचव्या अवस्थेत एका दिवसात रक्त केवढं तरी बदलतं. म्हणून दर चार तासांनी ट्रेसमोर बसून फिकट डोक्याच्या अळ्या उचलायच्या, नवीन ट्रेमध्ये टाकायच्या, ट्रेवर तारीख आणि तास. रात्रीच्या दोन फेऱ्या आईने घेतल्या, तिला फिकट डोकं माझ्यापेक्षा लवकर ओळखता यायला लागलं. १६ तारखेच्या संध्याकाळच्या दोन फेऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त अळ्या निघाल्या, त्याच मुख्य धरल्या.

१८ जानेवारी

नर-मादी निवड. पाचव्या अवस्थेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुणा सगळ्यात स्पष्ट असतात, नंतर पुसट होतात. अळी उलटी धरून शेपटाकडचा भाग जरा ताणायचा आणि भिंग लावून आठव्या-नवव्या पोटखंडाच्या खालच्या बाजूला बघायचं. मादीला दोन्ही खंडांवर एक-एक जोडी, असे चार दुधाळ ठिपके दिसतात. नराला ते चार नसतात, आठ आणि नऊच्या सांध्यावर मधोमध एकच ठिपका असतो. सुरुवातीला एकेकीला दोन-तीन मिनिटं लागत होती. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा मारला तर ठिपके उठून दिसतात, समोरून मारला तर कातडीच्या चमकेत हरवतात. ज्यांच्याबद्दल शंका वाटली त्या सरळ तिसऱ्या ट्रेमध्ये, त्यांचं रक्त घेतलं नाही.

२० जानेवारी

ट्रेमध्ये तीन अळ्या वेगळ्या दिसल्या, खंडांच्या मधला भाग सुजलेला, कातडी चमकदार, सारख्या ट्रेच्या कडेला फिरतायत. एकीचा पाय कापला तर रक्त दुधासारखं. ग्रासरी, विषाणूचा रोग. तिन्ही ताबडतोब बाहेर, चुन्यात पुरल्या, ट्रे बदलला, विजेता ही जंतुनाशक पावडर मारली, हात धुतल्याशिवाय दुसऱ्या ट्रेला हात लावायचा नाही.

हे रोगापुरतंच नाही. त्या विषाणूचे जे स्फटिकासारखे कण रक्त पांढरं करतात त्यांचं मुख्य प्रोटीनही साधारण ३० किलोडाल्टनचंच आहे. म्हणजे आजारी अळीचं सँपल नीट सेंट्रीफ्यूज न होता जेलवर गेलं, तर जिथे आपण ३०-के, म्हणजे ३० किलोडाल्टनच्या आसपासची, प्रोटीन शोधतोय तिथेच आयता बँड मिळतो आणि आपण खूश होतो. नियम केलाय, थेंब आधी काळ्या कागदावर धरून बघायचा, जरा जरी धुरकट असेल तर फेकून द्यायचा.

२४ जानेवारी

अळ्या पिकायला लागल्या. खाणं सोडलं, आतडं रिकामं केलं, अंग आखडलं आणि उजेडासमोर धरलं की आरपार पिवळसर दिसतं. चंद्रिका, म्हणजे अळ्यांना कोष विणायला लागणारी चौकट, काकांनीच दिली.

सलग सँपल घेतलेत त्याचे आकडे असे. पाचवीच्या पहिल्या दिवशी मिलिलिटरला १५ मिलिग्रॅमच्या आसपास, चौथ्या दिवसापासून झपाट्याने वर, विणायला बसताना मादीत ६० च्या जवळ, नरात त्याहून थोडं कमी.

पण हा आकडा एकटा धरू नका. आतडं रिकामं करताना अळी बरंच पाणी टाकते, रक्ताचं एकूण प्रमाणही घटतं. आज एका अळीतून जेवढं रक्त निघालं ते दोन दिवसांपूर्वीच्या निम्म्याच्या जवळपास होतं. म्हणजे शेवटची जी उडी दिसते तिच्यात थोडा भाग नुसतं रक्त आटल्याचा आहे. म्हणून प्रत्येक अळीचं वजन आणि निघालेलं रक्त दोन्ही वहीत लिहितेय. सगळं रक्त निघतं असं नाही, पण पद्धत तीच ठेवली तर तुलना तरी करता येते.

२८ जानेवारी

लॅबच्या इमारतीत सलग सुट्टीत लाइट गेली आणि फ्रीझर बराच वेळ बंद राहिला. सोमवारी उघडलं तर ट्यूब मऊ झालेल्या. ट्यूबमधलं काही काळं पडलेलं नव्हतं, फिनाइलथायोयुरियाने तेवढं राखलं, पण प्रोटीन तुटायला लागली नसतील याची खात्री कशी देणार. नशिबाने प्रत्येक सँपलचा एक भाग लोडिंग बफरमध्ये उकळून घरच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवला होता, जेलसाठी तोच वापरायचा. मोजणी आधीच झाली होती. सँपलची दोन ठिकाणी वाटणी पहिल्या दिवसापासून करा, डब्यावर मोठ्या अक्षरात "खायचं नाही" लिहून.

२ फेब्रुवारी

जेल दोन तऱ्हेने चालवले आणि दोघांचं चित्र वेगळं आलं, त्यात आठवडा जाणार होता, मॅडममुळे एका संध्याकाळीत सुटलं.

नेहमीची सवय म्हणून प्रत्येक लेनमध्ये सारखंच प्रोटीन, १० मायक्रोग्रॅम टाकलं. त्यात वरचा, २०० किलोडाल्टनच्या पुढचा बँड, जो लिपोफोरिनचा (रक्तातून चरबी वाहून नेणारं प्रोटीन) असावा, पाचव्या अवस्थेत दिवसेंदिवस फिका होत जाताना दिसला. वहीत "कमी होतो" लिहिलंसुद्धा. मग सारखं रक्त, म्हणजे प्रत्येक लेनमध्ये तेवढंच मायक्रोलिटर, टाकून चालवलं तर तो बँड जवळपास जसाच्या तसा. तो कमी झालेलाच नाही, बाकीची साठवणीची प्रोटीन इतकी वाढली की १० मायक्रोग्रॅममध्ये त्याचा वाटा उरला नाही. अळीच्या रक्तात एखादं प्रोटीन किती आहे हे विचारायचं असेल तर सारखं रक्त टाका, आणि बारीक बँड बघायचे असतील तर सारखं प्रोटीन. दोन्ही करा आणि खाली स्पष्ट लिहा कुठलं कुठलं.

शेवटच्या दिवसांचं रक्त टाकताना हात आखडता घ्या. जास्त झालं की ३०-केचा बँड इतका फुगतो की शेजारच्या लेनमध्ये पाय पसरतो. त्यासाठी वेगळा १२ टक्के जेल केला, तिथे तो बँड एक नसून जवळजवळचे दोन-तीन आहेत हे नीट दिसलं.

८ फेब्रुवारी

नर आणि मादी, सारखं रक्त, २४ तासांपासून विणायला बसेपर्यंत, एकाआड एक लेन. रंग काढायला रात्रभर ठेवला होता, सकाळी येऊन बघितलं आणि मामांना हाक मारली.

सुरुवातीच्या जोड्या डोळ्याला सारख्याच. चौथ्या दिवसाच्या सँपलपासून मादीच्या लेनमध्ये ७० ते ८० च्या पट्ट्यातला बँड सुटा होऊन जाड व्हायला लागतो, पाचव्या-सहाव्या दिवशी तर तो लेनमधला सगळ्यात मोठा बँड. नरात त्या जागी एसपी-२ चा बँड वाढतो, पण मादीसारखा भरत नाही. ३०-के दोघांतही वाढतात. हे आधीच माहीत असलेलंच आहे, १९८० च्या आसपास जपानी लोकांनी शोधलेलं, पण आपल्या हाताने काढलेल्या रक्तात, आपल्या ट्रेवर लिहिलेल्या तासांप्रमाणे ते एका रांगेत आलं याचा मला फार आनंद झालाय. डिसेंबरच्या जेलमधल्या त्या कमी-जास्त लेन आता बाजूला ठेवून बघितल्या, कुठली मादी होती ते आता सांगता येतं.

१३ फेब्रुवारी

कोष कापून काढलेल्या कोशितांचं (प्युपांचं) काम. अळीने जमवलेलं हे प्रोटीन पुढे जातं कुठे ते बघायचं होतं. कोष ब्लेडने एका टोकाला गोल कापायचा, हलवून कोशित बाहेर, ओढायचं नाही. पंखाच्या पट्टीच्या टोकाला बारीक छेद दिला की रक्त येतं. त्याच कोशिताचा चरबीपिंड थंड सलाइनमध्ये काढला, तीनदा धुतला म्हणजे चिकटलेलं रक्त निघून जातं, मग बफरमध्ये चिरडून सेंट्रीफ्यूज. पहिल्यांदा न धुता केलं होतं तर काहीच सांगता येईना, बँड रक्ताचा की चरबीपिंडाचा.

धुतलेल्या सँपलमध्ये मादीच्या कोशिताच्या रक्तात एसपीचा बँड अगदी बारीक उरलाय आणि चरबीपिंडाच्या लेनमध्ये तोच बँड भरभक्कम. जिथे तयार झालं तिथेच परत घेऊन साठवलंय. विणायला बसलेली अळी आणि कोशित यांच्या मधल्या दिवसांची सँपल माझ्याकडे नाहीत, कोष कापायला मन होत नव्हतं, त्यामुळे परत घेणं नेमकं कधी सुरू होतं ते या जेलवरून सांगता येणार नाही.

एकूण खर्च, कॉलेजच्या केमिकल्सशिवाय माझ्या खिशातून, साडेनऊ हजारांच्या आसपास. त्यातले चार हजारांच्या वर एकट्या प्रोटीन मार्करच्या (माहीत वजनांची प्रोटीन, जेलवर मोजपट्टीसारखी) छोट्या व्हायलला, बाकी पेट्रोल, पाला, थर्मोस्टॅट, ट्रे, बर्फ. मार्करवर काटकसर करू नका, तो नसेल तर ७० आणि ८० मधलं काही बोलताच येत नाही. जो थोडा उरलाय तो लॅबमध्ये मामांकडे ठेवलाय, पुढच्या बॅचमध्ये कुणी कोष विणतानाचे मधले दिवस करणार असेल तर घ्या. काकांकडे मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवीन चॉकी (लहान अळ्या) येतेय, पाल्याचं आधी बोलून ठेवा, उन्हाळ्यात तो कमी पडतो.